जीप, रिग आणि सपोर्ट गाडी: सीबी रेडिओचा पल्ला वाढवणाऱ्या सामानाचे परीक्षण

चुंबकी तळाचा, खाली गुंडाळी असलेला, सव्वा मीटर लांबीचा सीबी (नागरी पट्ट्यातल्या परवानामुक्त रेडिओचा) अँटेना घ्यावा का, या प्रश्नाचे माझे उत्तर जीपसाठी निःसंकोच ‘घ्यावा’ असे आहे आणि बोअर पाडणारे यंत्र बसवलेल्या ट्रकसाठी, म्हणजे रिगसाठी, तितक्याच ठामपणे ‘घेऊ नये’ असे आहे. दोन्ही उत्तरांमागची कारणे वेगळी आहेत. ती समजून न घेता सामान मागवले, तर पैसे जातात आणि आवाज मात्र गेवराईच्या पुढे पोहोचत नाही. आमच्या ताफ्यात तीन गाड्या असतात. शेत दाखवायला आणि रस्ता बघायला पुढे जीप, तिच्यामागे रिग आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर, रॉड आणि केसिंग वाहणारी सपोर्ट गाडी. अंबड, घनसावंगी, गेवराई, माजलगाव या तालुक्यांत रात्रीबेरात्री पांदण रस्त्यांनी फिरताना तिन्ही चालकांना एकमेकांशी एकाच वेळी बोलता येणे गरजेचे असते. फोनवर दोघे बोलतात आणि तिसरा वाट चुकतो. पुढच्या पुलावरून रिग जाईल की नाही, तार किती खाली लोंबते आहे, वळण कुठे घ्यायचे, हे तिघांनाही त्याच क्षणी कळायला हवे. सीबीचा उपयोग आमच्या लेखी एवढाच आहे आणि हे परीक्षणही त्याच गरजेपुरते आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण अँटेनाची लांबी वापरायच्या चॅनलांना जुळवून घेण्याशी, म्हणजे जुळवणीशी, तिचा थेट संबंध येतो. आपल्या देशात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा नागरी पट्टा २००५ च्या नियमांनी परवानामुक्त केला असून प्रभावी प्रक्षेपित शक्तीची मर्यादा ५ वॅट आहे. बाहेरून येणाऱ्या संचांवर मात्र ४० चॅनले असतात आणि ती २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेली असतात. त्यांतली १ ते २७ ही चॅनले आपल्या पट्ट्यात बसतात, तर २८ वे चॅनल २७.२८५ वर असल्यामुळे अगदी थोडक्यात कुंपणाबाहेर पडते. अमेरिकेत ट्रकचालक वापरतात ते १९ वे चॅनल (२७.१८५) आणि तिथे आपत्कालीन संदेशांसाठी राखलेले ९ वे चॅनल (२७.०६५), ही दोन्ही आपल्या हद्दीत येतात. संच घेताना त्याला उपकरण-प्रकाराची मान्यता, म्हणजे ईटीए, आहे का हे विक्रेत्याला लेखी विचारावे. ऑनलाइन बाजारात वॉकीटॉकी आणि रेडिओ संचांच्या बेकायदा विक्रीविरुद्ध ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नाचे वावडे असण्याचे कारण नाही.

आता पल्ल्याची अपेक्षा किती ठेवावी, ते पाहू. दोन गाड्यांवरचे अँटेना जमिनीपासून अडीच-अडीच मीटर उंचीवर आहेत असे धरले, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांची एकमेकांना ‘दिसण्याची’ मर्यादा अकरा-बारा किलोमीटरच्या आसपास येते आणि रेडिओ लहर किंचित वाकत असल्याने ती थोडी वाढते. हा हिशेब मोकळ्या, सपाट भूमीचा आहे. झाडी, घरे, उसाचे उभे फड आणि यंत्रांचा गोंगाट वजा जाता, पैठणपासून गेवराईपर्यंतच्या गोदाकाठच्या सपाट पट्ट्यात सहा-सात किलोमीटरवर स्पष्ट बोलणे झाले तर सामान उत्तम बसले आहे असे मी मानतो. बालाघाटाची कड चढताना किंवा मांजरसुंबा घाटात हाच पल्ला एका वळणाने संपतो. तिथे दोष सामानाचा नसतो, मध्ये डोंगर असतो. कन्नडच्या घाटात वरची गाडी आणि पायथ्याची गाडी एकमेकांना ऐकतात, पण दोन वळणांमधल्या गाड्या ऐकत नाहीत, हा अनुभव चालकांना कोड्यात टाकतो. प्रत्यक्षात त्यात कोडे काही नाही. कोणी तुम्हाला सीबीवर ‘पन्नास किलोमीटर रेंज’ सांगून काही विकत असेल, तर त्याच्याकडून साधी वायरसुद्धा घेऊ नये.

आमच्या संचासोबत जो अँटेना आला होता तो जेमतेम अर्धा-पाऊण मीटरचा होता आणि विक्रेत्याच्या माणसाने तो जीपच्या मागच्या दाराच्या कडेला बसवून दिला होता. दिसायला ते छान दिसत होते. दोन किलोमीटरनंतर मात्र रिगच्या चालकाकडून एकच उत्तर येई: “भाऊ, आवाज येतोय, पण शब्द काही कळंनात.” या वाक्यातच सगळे निदान आहे. सत्तावीस मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते, म्हणून तिच्या चौथ्या हिश्श्याचा, म्हणजे साधारण पावणेतीन मीटरचा दांडा हा गाडीवरचा खरा पूर्ण अँटेना. त्याहून आखूड प्रत्येक अँटेना ही तडजोड असते. कमी पडलेली लांबी तारेची गुंडाळी देऊन विद्युतदृष्ट्या भरून काढतात, पण दांडा जितका आखूड तितकी जास्त ऊर्जा हवेत न जाता त्या गुंडाळीत आणि गाडीच्या पत्र्यात उष्णता होऊन संपते. अर्ध्या मीटरवरून सव्वा मीटरवर येण्याने जो फरक पडतो, तो संच बदलून किंवा त्याची शक्ती वाढवून पडत नाही.

लांबीइतकीच जागा महत्त्वाची आहे, किंबहुना नव्या अँटेनाचे निम्मे श्रेय मी जागेला देतो. गाडीवरचा अँटेना हा फक्त उभा दांडा नसतो. त्याच्याखालचा पत्रा हा त्याचा दुसरा अर्धा भाग असतो. टपाच्या मधोमध बसवला की चारही बाजूंना सारखा पत्रा मिळतो आणि आवाज चारही दिशांना बऱ्यापैकी सारखा जातो. मागच्या उजव्या कोपऱ्यावर बसवला, तर तो समोर डाव्या अंगाला जास्त फेकतो, कारण जास्त पत्रा त्या बाजूला असतो. आमच्यासारख्यांच्या बाबतीत हे अगदी उलटे पडते: जीप पुढे, बाकीच्या गाड्या मागे आणि अँटेनाचा सगळा जोर पुढच्या मोकळ्या रस्त्यावर. तो टपाच्या मध्यावर आणल्याबरोबर मागची सपोर्ट गाडी ऐकू येऊ लागली, आणि तेव्हा ना संच बदलला होता ना केबल.

हा नवा अँटेना हातात घेतल्यावर पहिली चांगली गोष्ट जाणवते ती तळाच्या चुंबकाचा व्यास, जो पसरलेल्या पंजाएवढा आहे. रुंद चुंबकाचा उपयोग फक्त पकडीसाठी नाही. चुंबकी तळ पत्र्याला विजेच्या दृष्टीने चिकटलेला नसतो, मध्ये रंगाचा आणि रबरी आवरणाचा थर असतो, आणि या थरातून होणारा संबंध तळाचे क्षेत्रफळ जितके मोठे आणि अंतर जितके कमी तितका चांगला होतो. स्वस्तातल्या छोट्या चुंबकाचे अँटेना इथेच मार खातात. दांडा स्टेनलेस पोलादाचा आहे, तळाशी स्प्रिंग आहे आणि लांबी जुळवण्यासाठी बारीक अ‍ॅलन स्क्रू आहे. हा स्क्रू फिरवण्याची किल्ली मात्र डब्यात नव्हती आणि माहितीपत्रकही नव्हते. विक्रेत्याला दोनदा कळवूनही त्याने ती पाठवली नाही, अखेर जालन्याच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणावी लागली. केबल कायमची जोडलेली आहे, म्हणजे दारात चेमटली की पूर्ण तळ उघडावा लागेल, हा दुसरा दोष.

आता ज्या गोष्टीबद्दल कुठल्याच डब्यावर काही लिहिलेले नसते, तिच्याबद्दल. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट आहे आणि बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते. बोअर चालू असताना जी राखाडी भुकटी उडते ती शंभर फुटांवरच्या जीपवरही येऊन बसते आणि तिच्यातला हा अंश चुंबकाकडे ओढला जातो. तळ टपावरून उचलून उलटा केला, तर कडेने बारीक काळपट केसांची झालर उभी दिसते. बोट फिरवले की ती आडवी होते आणि सोडले की पुन्हा उठते. ही झालर आणि शेजारी बिटला (खडक फोडणाऱ्या टोकाला) धार लावताना उडालेला लोखंडाचा कीस चुंबकाखाली शिरला, की दोन गोष्टी होतात: रंगावर गोल गोल ओरखडे उमटतात आणि तळ पत्र्यापासून कणभर वर उचलला गेल्यामुळे जुळवणी सरकते. पुसायला ओले फडके उपयोगी पडत नाही, कारण भुकटी फक्त जागा बदलते. रुंद चिकटपट्टी दाबून उपटली तर स्वच्छ निघते. प्रत्येक बोअर संपल्यावर हे एक मिनिटाचे काम करायचे, असा दंडक आम्ही घातला आहे. जो माणूस शहरातल्या डांबरी रस्त्यावरच गाडी चालवतो त्याला हा त्रास होणार नाही, पण मराठवाड्यात बोअर, खडी क्रशर किंवा दगडखाणीशी संबंध असलेल्याने चुंबकी तळ घेताना हे गृहीत धरावे.

जुळवणीसाठी एसडब्ल्यूआर मीटर लागतो आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीत तो सर्वांत कमी किमतीचा आणि सर्वांत जास्त उपयोगाचा भाग आहे. संचाकडून अँटेनाकडे निघालेल्या ऊर्जेपैकी किती परत फिरते, हे तो दाखवतो. आकडा १.५ असेल तर सुमारे ४ टक्के ऊर्जा परत येते, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के. म्हणजे १.५ चा आकडा १.१ वर आणण्यासाठी दिवस घालवण्यात काही अर्थ नाही. तो फरक समोरच्याला कानाने कळणार नाही. तीनच्या वर गेला तर मात्र संचाच्या अंतिम ट्रान्झिस्टरला धोका असतो आणि तिथे तातडीने लक्ष घालायला हवे. मोजताना गाडी मोकळ्या रानात, झाडापासून आणि पत्र्याच्या शेडपासून दूर उभी करावी, दारे बंद असावीत आणि कोणी टपाला टेकून उभे राहू नये. पहिल्या चॅनलवर आणि सत्ताविसाव्या चॅनलवर आकडा घ्यावा. वरच्या चॅनलवर तो जास्त असेल तर दांडा लांब आहे, खालच्या चॅनलवर जास्त असेल तर आखूड आहे. बाहेरून येणारे अँटेना चाळीस चॅनलांच्या मध्यावर, म्हणजे विसाव्याच्या आसपास जुळवलेले असतात, तर आपल्या सत्तावीस चॅनलांचा मध्य चौदाव्यावर, २७.१२५ मेगाहर्ट्झवर येतो, म्हणून बहुतेक वेळा दांडा काही मिलिमीटर वर सरकवावा लागतो. कापायची घाई करू नये, हे इथे सांगून ठेवतो.

एवढे झाल्यावर लगेच हेही सांगायला हवे की चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला पल्ला नव्हे. अँटेनाच्या जागी पन्नास ओहमचा रोधक लावला तरी मीटर आनंदाने १ दाखवेल आणि आवाज गाडीच्या बाहेर पडणार नाही. आखूड अँटेना विकणारे डब्यावर ‘एसडब्ल्यूआर १.१’ असे ठळक छापतात ते याच अज्ञानाच्या भरवशावर. गुंडाळीतला तोटा जितका जास्त तितका आकडा गोड दिसतो. आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येते: मीटर पाहत असताना आतली केबल हाताने हलवावी. आकडा बदलला तर केबलचे बाहेरचे आवरणच अँटेनाचा भाग बनून बसले आहे, म्हणजे खालचा पत्रा पुरेसा उपयोगात येत नाही. संचाजवळ केबलवर दोन-तीन फेराइटचे कडे (नको असलेल्या लहरी अडवणारे चुंबकी पदार्थाचे कडे) बसवल्यावर आमच्या जीपमध्ये हे बरेच थांबले.

पावणेतीन मीटरचा पूर्ण पोलादी दांडाच का घेतला नाही, असे कोणी विचारेल. सपाट मुलखात तो सव्वा मीटरच्या अँटेनापेक्षा सरस आहे, यात शंका नाही. पण जीपचा टप जवळपास दोन मीटर उंचीवर, त्यावर हा दांडा, म्हणजे टोक साडेचार मीटरच्या वर जाते, आणि आपल्या शिवारांत पंपांच्या तारा उन्हाळ्यात किती खाली लोंबतात ते इथल्या कोणालाही सांगायला नको. वेगात दांडा मागे झुकतो, थांबल्यावर झोकांडी खाऊन पुढे येतो आणि नेमका तेव्हाच तारेला लागू शकतो. हा दांडा मागच्या बंपरवर बसवला तर उंचीचा प्रश्न सुटतो, पण मग त्याचा खालचा निम्मा भाग गाडीच्या पाठीला खेटून उभा राहतो आणि दिशांचा तोच एककल्लीपणा परत येतो. विजांचा कडकडाट सुरू झाला की आखूड काय किंवा लांब काय, केबल संचापासून काढून ठेवावी. एप्रिल-मेच्या अवकाळीत उघड्या रानातले काम थांबवण्याची जी वेळ, तीच ही.

आता रिग. रिगला चुंबकी अँटेना चालत नाही, कारण तिला मोकळा टपच नसतो. प्रवासात आडवा केलेला मास्ट, म्हणजे बोअर घेताना उभा करायचा लोखंडी मनोरा, थेट केबिनच्या डोक्यावर येतो आणि त्याच्याखाली कसाबसा बसवलेला अँटेना लोखंडाच्या पिंजऱ्यात कोंडल्यासारखा होतो. इथे आरशाच्या दांड्याला पकडणारे ब्रॅकेट आणि त्यावर वरच्या टोकाशी गुंडाळी असलेला फायबरग्लासचा चार फुटी दांडा, ही जोडी मी घेतली आणि ती योग्य ठरली. वरच्या टोकाशी गुंडाळी असलेल्या अँटेनात विद्युतप्रवाह दांड्याच्या जास्त लांबीवर टिकून राहतो आणि तो भाग केबिनच्या वर मोकळ्या हवेत निघतो, म्हणून ट्रकसाठी हीच घडण सोयीची. ब्रॅकेट मात्र नुसते आवळून भागत नाही. आरशाच्या दांड्यावर पावडरचा रंग असतो, आरसा प्लास्टिकच्या घरात असतो, आणि अनेक ट्रकांची केबिन चेसिसवर रबरी बैठकीवर टेकलेली असते. या तिन्ही ठिकाणी विजेचा रस्ता तुटतो. ब्रॅकेटखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडणे, ब्रॅकेटपासून केबिनला आणि केबिनपासून चेसिसला तांब्याची विणलेली पट्टी जोडणे आणि जोडावर ग्रीस लावून ते गंजण्यापासून वाचवणे, एवढे केल्याशिवाय मीटरचा काटा तीनखाली आला नाही. पट्ट्या जोडल्यावर तो दीडच्या जवळ स्थिरावला.

मास्ट उभा केला की हे सगळे पुन्हा बिघडते, कारण अँटेनाशेजारी त्याच्याहून कितीतरी उंच लोखंड येऊन उभे राहते. बोअर चालू असताना रिगवरून दूरचे बोलणे करूच नये, ते सपोर्ट गाडीवरून करावे, हा आम्ही काढलेला मार्ग. तसेही कॉम्प्रेसरच्या आवाजात केबिनमधल्या संचाचा स्वतःचा स्पीकर कोणाला ऐकू येत नाही. बाहेरचा वेगळा स्पीकर घेतल्यावर चालकांना ‘पल्ला वाढला’ असे वाटले, ते एका अर्थाने खरेही आहे.

पल्ल्याची चर्चा नेहमी पाठवण्याच्या बाजूने होते, पण आमच्या अनुभवात जास्त अंतर ऐकण्याच्या बाजूने हरवत होते. संचात सतत खरखर असेल तर दूरच्या गाडीचा क्षीण आवाज त्याखाली बुडतो आणि चालक वैतागून स्क्वेल्चचे (खरखर दाबण्याचे) बटण पिळतो, मग क्षीण आवाजासाठी दारच बंद होते. खरखरीचे उगम शोधण्याची रीत सोपी आहे: इंजिन बंद ठेवून फक्त संच चालू करावा, खरखर ऐकावी, मग एकेक वस्तू चालू करत जावे. जीपमध्ये सिगारेट सॉकेटमधला मोबाइल चार्जर हा सर्वांत मोठा गुन्हेगार निघाला, त्याखालोखाल डॅशकॅमेऱ्याची वायर आणि बंपरवरची एलईडी पट्टी. चार्जर बदलला, कॅमेऱ्याच्या आणि पट्टीच्या वायरींवर फेराइटची चिमटा-कडी बसवली, आणि एरवी तीन किलोमीटरवर हरवणारी सपोर्ट गाडी पाचवर ऐकू येऊ लागली. इंजिनच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी आल्टरनेटरची असते. तिच्यासाठी संचाची वायर सॉकेटवरून न घेता थेट बॅटरीवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर घासून उघडी पडली तर तिला कोणी वाचवत नाही. बॅटरीवरून घेण्याने व्होल्टेजही नीट मिळते, मात्र त्याचा लाभ फुगवून सांगू नये: १३.८ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तरी शक्ती पाव हिश्श्यानेच घटते आणि एवढी घट ऐकणाऱ्याला क्वचितच जाणवते.

ट्रकच्या बाबतीत विजेचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे २४ व्होल्ट असतात आणि बहुतेक संच १२ व्होल्टचे. रस्त्याकडेचा ऑटो-इलेक्ट्रिशियन सर्रास दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून देतो. संच चालतो, पण एक बॅटरी सतत कमी भरलेली आणि दुसरी जास्त भरलेली राहते, आणि काही महिन्यांनी दोन्ही बदलण्याचा खर्च येतो. दुसरा मार्ग २४ व्होल्टचे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरचा. बाजारात मिळणारे छोटे, हलके स्विचिंग कन्व्हर्टर कार्यक्षम असतात, पण त्यांतले स्वस्त संचाच्या कानात अखंड भुणभुण भरतात. सीबी संच बोलताना जेमतेम दोन अँपिअर घेतो. एवढ्या कमी भारासाठी जुन्या पद्धतीचा, गरम होणारा पण मुकाट राहणारा लिनिअर कन्व्हर्टर पुरतो. पंचवीस-तीस वॅट उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला पत्र्यावर हवेशीर जागी बसवावे लागते, डॅशबोर्डच्या आत कोंबून चालत नाही. त्रेचाळीस अंशांच्या दुपारी बंद केबिनमध्ये तो हाताला चटका देतो, हे मान्य करूनही मी तोच सुचवतो. नवीन संच घेणार असाल तर १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालणारे मिळतात, ते घेऊन हा प्रश्न मुळातूनच मिटवावा.

दुकानदार आग्रहाने पुढे करतात त्या वस्तूंबद्दल थोडक्यात. शक्ती वाढवणारा ‘बूस्टर’ आपल्या नियमांत बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवले तरी हिशेबातही बसत नाही: चारपट शक्ती केली की समोरच्या संचावरचा, येणाऱ्या आवाजाचे बळ दाखवणारा काटा एका एस-घराने, म्हणजे ६ डेसिबलने सरकतो, आणि तुमचे ऐकणे जिथल्या तिथे राहते. तुमचा आवाज दूर गेला आणि तिकडचे उत्तर तुमच्यापर्यंत आले नाही, तर अशा रेडिओचे करायचे काय? जाड आरजी-२१३ केबलही अनावश्यक आहे. साध्या आरजी-५८ च्या पाच मीटरमध्ये सत्तावीस मेगाहर्ट्झवर अर्ध्या डेसिबलहून कमी तोटा होतो. केबल ठराविक अठरा फुटांचीच हवी हा समजही ऐकीव आहे. तिची लांबी गरजेपुरती असावी, तिच्या टोकाचा पीएल-२५९ जोड नीट डाखलेला असावा आणि दारात ती चेमटू नये, एवढेच पाहावे. प्रतिध्वनी देणारे माइक तर शब्द आणखी दुर्बोध करतात. माइक तोंडापासून चार बोटांवर धरून नेहमीच्या आवाजात बोललेले सर्वांत दूर समजते. ओरडल्याने आवाज फाटतो, पोहोचत नाही.

ज्यांना पल्ल्याच्या अगदी टोकाला बोलायचे आहे त्यांनी एकपट्टा, म्हणजे एसएसबी, असलेला संच पाहावा. साध्या एएममध्ये शक्तीचा मोठा भाग वाहक लहरीतच खर्च होतो आणि एसएसबीत सगळी शक्ती आवाजाच्या वाट्याला येते, त्यामुळे फरक खरोखर ऐकू येतो. आमच्या चालकांनी मात्र आवाज नीट करण्याची ती बारीक खुंटी दोन दिवसांत सोडून दिली, कारण गाडी चालवता चालवता ती फिरवणे जमत नाही. दुपारी कधीकधी परदेशी आवाज चॅनलावर उमटतात, ते वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन आलेले असतात. २०२४ च्या आसपास सूर्याची सक्रियता शिखरावर पोहोचली तेव्हा ते जास्त ऐकू येऊ लागले. त्यावरून अँटेनाची प्रत ठरवू नये, अर्ध्या मीटरचा दांडाही ते ऐकवतो.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन: आधी एसडब्ल्यूआर मीटर आणि फेराइटची कडी, मग जीपसाठी रुंद चुंबकाचा लांब अँटेना, मग ट्रकसाठी ब्रॅकेट, फायबरग्लासचा दांडा आणि तांब्याच्या पट्ट्या, आणि संच बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी. जीपचा अँटेना पाचपैकी चार गुणांचा आहे. एक गुण किल्ली न देण्याचा आणि न सुटणाऱ्या केबलचा कापला. रिगच्या ब्रॅकेटला साडेतीन, कारण धक्क्यांनी त्याचे बोल्ट ढिले होतात आणि सोबत आलेले वॉशर पहिल्याच पावसाळ्यात गंजले. तिथे नायलॉनच्या आतील कड्याचे स्टेनलेस नट टाकून घ्यावेत आणि दर महिन्याला गाडीला ग्रीसिंग होते तेव्हाच पाना लावून पाहावा.